जालना जिल्ह्यातील बोंडअळी आणि तिच्यावरील उपायांचा इतिहास

भूमध्य समुद्राकाठच्या पाइन वृक्षांच्या वनांत रांगेने चालणारी अळी आपल्या सूक्ष्म केसांनी माणसाच्या त्वचेस व डोळ्यांस प्रत्यक्ष अपाय करते. जालना जिल्ह्यातील कापसावरची गुलाबी बोंडअळी माणसास इजा करीत नाही. तिच्यामुळे उद्‌भवणारा धोका उपायांच्या वाटेने येतो. म्हणून तिचा इतिहास हा मुख्यतः उपायांचा इतिहास होय.

ही अळी बोंडात शिरून सरकी खाते. त्यामुळे बाहेरची फवारणी तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. तिच्या बीटी कापसास २००२ मध्ये केंद्र शासनाची मान्यता मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. आरंभी फवारण्या घटल्या. परंतु भोवती बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावण्याचा नियम फारसा पाळला गेला नाही, हंगामानंतरही फरदड घेतली गेली, आणि अळीत प्रतिकारशक्ती निर्माण झाली. २०१७ मध्ये मराठवाडा व विदर्भ या दोहोंत तिचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या किडींवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले.

तात्पर्य, एकाच उपायावर विसंबणे हा या इतिहासातील मूळ दोष होय. फरदड न घेणे, पऱ्हाट्या वेळीच उपटून नष्ट करणे, हे उपाय साधे आहेत. त्यांकडे दुर्लक्ष झाले की फवारणी वाढते, आणि तिचे विष प्रथम पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराच्या अंगावर पडते.