थॉमसनचं गॅझेल उड्या का मारतं? एका प्रश्नाचा इतिहास

केनिया किंवा टांझानियात सफारीला गेलात, तर थॉमसनचं गॅझेल ओळखणं अवघड नाही. तपकिरी पाठ, पांढरं पोट आणि मध्ये कुशीवर जाड काळा पट्टा. ग्रँटचं गॅझेल साधारण असंच दिसतं, म्हणून मागची बाजू बघा. ग्रँटचा पांढरा रंग शेपटीच्या वर चढतो, थॉमसनचा शेपटीच्या खालीच थांबतो.

स्कॉटिश प्रवासी जोसेफ थॉमसन १८८३-८४ मध्ये मसाई प्रदेशातून गेला. १८८४ मध्ये अल्बर्ट ग्युंथर यांनी त्याच्या नावावरून या कुरंगाला शास्त्रीय नाव दिलं. पण त्याच्या एका सवयीचा उलगडा व्हायला आणखी शंभर वर्षं गेली.

शिकारी दिसला की हे गॅझेल कधीकधी चारही पाय ताठ ठेवून उंच उसळतं. याला ‘स्टॉटिंग’ म्हणतात. आता विचार करा, जीव वाचवायच्या वेळी ताकद अशी का खर्च करायची?

१९७५ मध्ये इस्रायलचे अमोत्झ झहावी यांनी मांडलं की जो संकेत देणं महाग पडतं, तो खोटा देणं कठीण असतं. मग ही उडी म्हणजे शिकाऱ्याला ‘मी दणकट आहे, नाद सोड’ असं सांगणं असू शकतं. कल्पना छान होती, पण अनेक जीवशास्त्रज्ञांना पटली नाही.

१९८६ मध्ये टिम कॅरो यांनी काय केलं ते नीट बघा. स्टॉटिंगची ११ संभाव्य कारणं त्यांनी समोर ठेवली आणि प्रत्येक खरं असेल तर काय दिसायला हवं, ते तपासलं. इशारा कळपासाठी असेल, तर एकटं गॅझेल उड्या मारणार नाही. पण एकटी गॅझेलंही मारत होती. उडी दिसल्यावर चित्ते मात्र जास्त वेळा शिकार सोडून देत होते. म्हणजे चित्त्यासाठी निरोप असा, ‘तू मला दिसलास.’

१९८८ मध्ये क्लेअर फिट्झगिबन आणि जॉन फॅनशॉ यांनी रानकुत्र्यांचा अभ्यास मांडला. दूरवर पाठलाग करणारे हे कुत्रे कमी वेगाने उड्या मारणारी गॅझेलं निवडत होते. इथे झहावींच्या कल्पनेला आधार मिळाला.

म्हणजे उडी एकच, पण शिकारी बदलला की तिचा अर्थही बदलतो. ‘का?’ या एका शब्दात हे सापडलं नसतं.

आणखी एक. हा प्राणी दुर्मिळ नव्हता, म्हणूनच पुरेशा घटना मोजता आल्या. तेव्हा विषय निवडताना फक्त दुर्मिळ प्राण्यांच्या मागे लागू नका. फील्डवर जाण्याआधी कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे सगळी संभाव्य कारणं लिहा आणि उजवीकडे ‘हे खरं असेल तर मला काय दिसेल?’ दोन कारणांपुढे उजवीकडे एकच उत्तर येत असेल, तर निरीक्षणाची पद्धत अजून तयार नाही, असं समजा.