भटकीं कुत्रीं आणि भूतानचें फिरतें शस्त्रक्रियागृह

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न अलीकडच्या नागरी जीवनानें निर्माण केला, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः मुंबईच्या इतिहासांत तो जवळजवळ दोनशें वर्षांचा जुना आहे. १८३२ सालीं कंपनी सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याची मोहीम चालविली व मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें शिपायांना बक्षीस ठेविलें. जून महिन्यांत, पारशांच्या एका पवित्र दिवशीं हें काम चालू असतां जमाव खवळला. दुकानें बंद पडलीं, कोटांत जाणारी रसद अडविली गेली आणि अखेर लष्कराला पाचारण करावें लागलें. पुढें १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई व शेट मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. कुत्रीं मारावयाचीं किंवा कोंडावयाचीं, असे दोनच मार्ग त्या काळीं लोकांस ठाऊक होते.

हे दोन्ही मार्ग अपुरे ठरले. मादी साधारणपणें वर्षांतून दोनदां माजावर येते, सुमारे दोन महिन्यांत विते व एका वेतांत पांच-सहा पिलें देते. मारलेल्या कुत्र्याच्या वाट्याचें अन्न आणि त्याची हद्द मागें राहतात. त्यांवर शेजारच्या गल्लींतील दुसरें कुत्रें हक्क सांगतें. कोंडवाड्याचीही गत तीच. आंत कितीही जनावरें कोंडलीं, तरी बाहेरची वीण कांहीं थांबत नाहीं.

तिसरा मार्ग भारतांतच सुचला. कुत्रें पकडावें, शस्त्रक्रिया करून त्याची वीण बंद करावी, रेबीजची लस टोचावी आणि जेथून आणलें तेथेंच सोडून द्यावें, असा आग्रह मद्रासच्या ब्ल्यू क्रॉस संस्थेनें १९६० नंतरच्या दशकांत धरला. तेथील महापालिकेनें तो मान्य करावयास १९९६ साल उजाडलें. तत्पूर्वीं, १९९४ सालीं, जयपूर येथें ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेनें कार्यास आरंभ केला होता. २००२ पर्यंत तिनें २४,९८६ कुत्र्यांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या भागांतील कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनीं घटली व तेथें माणसांना होणारा रेबीज नाहींसा झाला. २००१ सालीं भारत सरकारनें याच पद्धतीचे नियम केले.

परंतु हा सुधारणेचा रथ शहराच्या वेशीपाशींच अडला. शस्त्रक्रियेला पशुवैद्य लागतो, भुलीचें औषध लागतें, स्वच्छ मेज लागतें व मागाहून शुश्रूषा लागते. तालुक्याचा गुरांचा दवाखाना मुख्यतः गाई-बैलांसाठीं असतो. दिवसाची मजुरी बुडवून, ओढाळ कुत्र्यास दोरीला बांधून, दहा कोस तुडवीत तेथवर कोणता शेतकरी जाणार? आणि ज्याला धनीच नाहीं, त्या कुत्र्याला कोण नेणार?

या अडचणीचें उत्तर भूतानच्या इतिहासांत सांपडतें. आठ लाखांहूनही कमी वस्तीचा हा हिमालयांतील देश. थिंफू राजधानीपर्यंत मोटारीचा रस्ता १९६२ सालीं पोंचला. डोंगरमाथ्यावरील कित्येक वस्त्यांना आजही पायवाटेवांचून मार्ग नाहीं. बौद्ध संस्कारामुळें जीव घेणें तेथें पाप मानतात. मठांच्या आवारांत व बाजारांत कुत्र्यांना अन्न मिळतें. परिणामीं त्यांची संख्या वाढली, थिंफूमध्यें रात्रीची झोप दुर्मिळ झाली, आणि आसाम व बंगाल यांना लागून असलेल्या दक्षिण भागांत रेबीजचें भय कायम राहिलें. हा रोग असा, कीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी बहुधा वांचत नाहीं. भूताननेंही मारणें, दूर नेऊन सोडणें व कोंडणें हे सर्व उपाय करून पाहिले होते. एकही टिकला नाहीं.

२००९ सालीं सरकारनें ‘ह्यूमेन सोसायटी इंटरनॅशनल’ या संस्थेच्या साह्यानें तिसरा मार्ग धरला. आरंभ थिंफूपासून झाला. मग फिरतीं पथकें जिल्ह्याजिल्ह्यांतून निघालीं. मोकळी खोली किंवा आडोसा पाहून तेथें तात्पुरतें शस्त्रक्रियागृह उभारावयाचें, आसपासचीं कुत्रीं जाळ्यांनीं व हातांनीं धरून आणावयाचीं, शस्त्रक्रिया व लस उरकल्यावर कानाच्या टोकास लहानशी खांच पाडावयाची, कीं तेंच कुत्रें पुन्हां धरलें जाऊं नये. आणि शुद्धीवर येऊन सावरलें म्हणजे मूळ जागीं सोडावयाचें. गांवचें काम संपलें, कीं सामान बांधून पुढचा मुक्काम. पुढें हें कार्य सर्वस्वीं भूतानी पशुवैद्यांच्या हातीं आलें. पाहुण्या संस्थेची विद्या स्थानिकांच्या हातांत उतरली, हा त्या योजनेचा मोठाच लाभ होय.

तरीही एवढ्यानें भागलें नाहीं. पथक पुढें गेल्यावर ज्या थोड्या माद्या निसटत, त्यांचीं पिलें दोन-तीन वर्षांत गांव पुन्हां भरून टाकीत. काम अर्धवट राहणें म्हणजे तें न होण्यासारखेंच, हें ध्यानीं घेऊन २०२१ सालीं राजाज्ञेनें देशव्यापी नेटाची मोहीम निघाली. पशुवैद्यांच्या जोडीला नारिंगी गणवेशाचे ‘दे-सुंग’ स्वयंसेवक हजारोंनीं उतरले व गांवोगांव कुत्रीं धरण्याचें अवघड काम त्यांनीं अंगावर घेतलें. ऑक्टोबर २०२३ मध्यें पंतप्रधान लोटे त्शेरिंग यांनीं, जे स्वतः व्यवसायानें शस्त्रवैद्य होते, देशांतील सर्व भटक्या कुत्र्यांवर शस्त्रक्रिया झाल्याचें जाहीर केलें. २००९ पासूनची एकूण संख्या दीड लाखांवर गेली होती. शिवाय सुमारें ३२,००० पाळीव कुत्र्यांच्या कातडीखालीं ओळखीची चकती बसविली होती.

अर्थात् हा विजय कायमचा नव्हे. सीमेवरून नवीं कुत्रीं येतात, पाळीव कुत्र्यांनाही पिलें होतात, आणि लसीचा प्रभाव कालांतरानें ओसरतो. पथकांची फेरी थांबली, तर जुने दिवस परत यावयास फार काळ लागणार नाहीं. किंबहुना तलावाचा बांध जसा दरसाल पाहावा लागतो, तसेंच हें काम आहे.

महाराष्ट्रांतील खेड्यांनाही यांतून बोध घेण्यासारखा आहे. शाळेच्या वाटेवर पोर कुत्र्यानें फोडलें म्हणजे गांव काठ्या घेऊन धांवतो. चार दिवसांनीं राग ओसरतो आणि पुढच्या हंगामांत पिलें पुन्हां उकिरड्यावर खेळूं लागतात. ग्रामपंचायतीनें स्वतःचें शस्त्रक्रियागृह बांधावें, ही अपेक्षा बहुतेक ठिकाणीं व्यर्थ आहे. पण एका पथकानें वीस गांवांची फेरी ठरवून घ्यावी, गावकऱ्यांनीं आधींच कुत्र्यांची मोजदाद करून ठेवावी व कुत्रीं धरावयास माणसें द्यावीं, हें कोणत्याही तालुक्याला पेलण्यासारखें आहे. भूताननें यापेक्षां अवघड डोंगरांत हें करून दाखविलें आहे.