ठिणगी आणि खारे पाणी

अग्नी आणि जल यांचे वैर पुरातन आहे. पेट्रोलवर चालणारे एंजिन नावेच्या पोटात बसविणे म्हणजे या दोन वैऱ्यांना एकाच घरात नांदविणे होय. रस्त्यावर मोटार बंद पडली तर उतारू खाली उतरतात, चार माणसे धक्का मारतात आणि फार झाले तर जेवणाची वेळ टळते. भर समुद्रात मात्र एंजिन बंद पडले की नाव लाटांना आडवी होते आणि वारा नेईल त्या खडकाकडे जाऊ लागते. अशा प्रसंगी दोष पुष्कळदा एका इवल्याशा ठिणगीत असतो. ही ठिणगी समुद्रावर विश्वासास पात्र कशी झाली, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते. ते नेमक्या क्षणी पेटले तरच दट्ट्या जोराने ढकलला जातो. पॅरिसमध्ये लेन्वार याने १८६० साली आपल्या वायुएंजिनात विजेची ठिणगी वापरली खरी. परंतु ती मोठी लहरी ठरली. म्हणून जर्मनीतील डाइम्लर आणि माइबाख यांनी निराळा मार्ग धरला. सिलिंडरला एक लहानशी नळी जोडून ती बाहेरून ज्योतीने लालभडक ठेवावयाची आणि तिच्या उष्णतेने मिश्रण पेटवावयाचे, ही त्यांची युक्ती. असे एंजिन बसविलेली त्यांची नाव १८८६ साली नेकार नदीवर फिरू लागली. त्या काळी लोक पेट्रोलला स्फोटक समजून भीत. तेव्हा डाइम्लरने नावेच्या कडेने तारा आणि चिनी मातीचे रोधक लावून ती विजेवर चालते असा देखावा केला, अशी आख्यायिका आहे. मौज अशी की, त्या एंजिनात ठिणगीपुरतीही वीज नव्हती!

विजेला एंजिनात पुन्हा मानाचे स्थान मिळाले ते रॉबर्ट बॉश याच्या स्टुटगार्ट येथील कारखान्यामुळे. लोहचुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलले की त्यात वीज उत्पन्न होते, या तत्त्वावरील ‘मॅग्नेटो’ बॉशने १८८७ साली एका जागी बसविलेल्या एंजिनासाठी तयार केला. १८९७ साली तो वाहनाला जोडण्यात आला. १९०२ साली त्याचा सहकारी गॉटलोब होनोल्ड याने अतिदाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग सिद्ध केला. आता ना उघडी ज्योत, ना बॅटरीची पराधीनता. एंजिन फिरते आहे तोवर ठिणगी मिळावी, अशी ही व्यवस्था होती.

तथापि जमिनीवर जे साधले ते समुद्रावर सहजासहजी साधले नाही. विजेला सोपी वाट हवी असते. प्लगच्या टोकांमधील फट उडी मारून ओलांडण्यापेक्षा ओल्या तारेवरून लोखंडात उतरून जाणे तिला सुखाचे वाटते, आणि खाऱ्या पाण्याची ओल तर अशी वाट आयतीच करून देते. तुषार वाळले तरी मीठ मागे उरते आणि हवेतील दमटपणा ओढून घेते. शिवाय सांधे गंजतात आणि मॅग्नेटोतील विद्युत्‌प्रवाह तोडणारी टोके काळवंडतात. म्हणूनच काल सुरळीत चाललेले एंजिन आज सकाळी हॅंडल मारून मारून खांदे दुखले तरी बोलत नाही.

अशा वेळी शोध कसा घ्यावा, याची एक रीत अनुभवाने ठरत गेली. घरातील दिवा लागेनासा झाला तर सुज्ञ गृहस्थ भिंत फोडीत नाही. आधी दिवा, मग बटण, मग फ्यूज असा क्रमाने पाहतो. येथेही तसेच. प्रथम झाकण उघडून नावेच्या तळाशी हवा खेळू द्यावयाची. कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने तेथेच साचते, आणि पेट्रोलचा वास येत असताना ठिणगीची परीक्षा करणे म्हणजे मरणाला आमंत्रण होय. वास पूर्ण नाहीसा झाल्यावरच प्लग काढून, त्याचे धातूचे अंग एंजिनाला टेकवून, सिलिंडरच्या उघड्या भोकापासून दूर धरून एंजिन फिरवावयाचे. ठिणगी निळसर व कडकडीत असेल तर ठिणगीचा सरंजाम बहुधा निर्दोष असून दोष अन्यत्र, बहुधा पेट्रोलच्या वाटेवर, असतो. पिवळट व मंद असेल, अथवा मुळीच नसेल, तर एक एक कडी मागे जावयाचे : प्लगवरची काजळी, मग तार, मग प्रवाह तोडणारी टोके, आणि सर्वांच्या शेवटी मॅग्नेटो. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा त्यातला मुख्य नियम. पुष्कळदा औषध म्हणून एक कोरडे फडकेच पुरे होई.

या साऱ्याची खरी कसोटी जीवरक्षक नौकांवर लागली. इंग्लंडमधील राष्ट्रीय जीवरक्षक नौका संस्थेने १९०४ साली वल्ह्यांच्या एका जुन्या नौकेत प्रयोगादाखल पेट्रोल एंजिन बसविले. एंजिन जलाभेद्य पेटीत असावे, आणि नौका उलटली तर ते आपोआप थांबावे, म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसांना सोडून ती निघून जाणार नाही, अशा तिच्या अटी होत्या. १९०५ साली ही नौका टाइनमथ येथे आली, तेव्हा तेथील जुने दर्यावर्दी तिच्यात बसण्यास नाखूश होते. वल्ह्यावर ज्यांची हयात गेली, त्यांनी तारांवर जीव का टाकावा?

त्याचे उत्तर १९१४ साली मिळाले. इंग्लंड-हिंदुस्थान प्रवासासाठी बांधलेली आणि आपल्या परिचयाच्या रोहिल्यांचे नाव धारण करणारी ‘रोहिला’ ही आगबोट युद्धामुळे इस्पितळ-जहाज झाली होती. ३० ऑक्टोबरच्या पहाटे भर वादळात ती व्हिटबीजवळच्या खडकावर आदळून भंगली. तिच्यावर २२९ माणसे होती. किनारा हाकेच्या अंतरावर. परंतु मधल्या लाटा दुर्लंघ्य. व्हिटबीच्या वल्हेकऱ्यांनी दोन खेपांत ३५ जणांना आणले, आणि तेवढ्यात त्यांची नौका निकामी झाली. दुसरी नौका दोरांनी कड्यावरून खाली सोडली, तरी तिला जहाज गाठता आले नाही. दोन दिवस लोक किनाऱ्यावरून माणसे वाहून जाताना पाहत होते.

शेवटी टाइनमथची ‘हेन्री व्हर्नन’ ही मोटारनौका बोलाविण्यात आली. युद्धामुळे किनाऱ्यावरचे दीप मालविलेले होते. तशा अंधारात तांडेल रॉबर्ट स्मिथ आणि कॅप्टन बर्टन यांनी ४४ मैलांचा समुद्र कापला. १ नोव्हेंबरच्या पहाटे त्यांनी जहाजाजवळ तेल ओतून लाटा शमविल्या आणि उरलेल्या ५० जणांना उतरवून घेतले. परतताना दोनदा प्रचंड लाटा नौकेवरून गेल्या. नौका पुन्हा वर आली आणि पुढे चालू लागली. स्मिथ व बर्टन यांना संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. ऐंशीहून अधिक माणसे दगावली होती. परंतु त्या दिवसानंतर मोटारनौकेची उपयुक्तता वादाचा विषय राहिली नाही.

पुढे डीझेल एंजिने आली. त्यांत हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेटते; ठिणगीची गरजच नाही. आज कष्टाच्या नावांवर, आपल्या कोकण किनाऱ्यावरही, डीझेलचेच राज्य आहे. सहलीच्या नावांत पेट्रोल एंजिने अद्याप आहेत. त्यांतील प्रवाह तोडणारी टोके जाऊन इलेक्ट्रॉनिक योजना आल्या. मीठ मात्र तेच आहे, आणि कोरडे फडकेही तेच. तांडेलाच्या धैर्याचा गौरव व्हावयासच हवा. परंतु ते धैर्य फळास येण्यासाठी नाव बंदरात असतानाच कोणीतरी तारा पुसून ठेविलेल्या असाव्या लागतात.