ग्वांगचौ : बिंदूंनी मोजलेली वर्षे

चीनमध्ये बुद्धधम्म कोणत्या वाटेने गेला असे विचारले असता आपल्याकडील वाचक बहुधा ह्यूएनत्संगाचे नाव घेतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे वाळवंट, घाट व उंटांचे तांडे उभे राहतात. ही वाट खरी आहे. परंतु ती एकमेव नव्हे. दुसरी वाट समुद्राची होती, आणि तिचे चिनी टोक म्हणजे दक्षिणेतील ग्वांगचौ हे बंदर. युरोपीय लोक यासच कँटन म्हणत. इ.स. ४१२ मध्ये फाहियान ज्या जहाजाने स्वदेशी परतत होता ते जहाज ग्वांगचौकडेच निघाले होते. वादळाने ते उत्तरेस शान्तुंगच्या किनाऱ्याला लागले. इ.स. ६७१ मध्ये इत्सिंग भारताकडे निघाला तो याच बंदरातून, एका इराणी व्यापाऱ्याच्या जहाजाने.

आज हे नगर प्रचंड आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक भरली. येथे १९५७ पासून भरणाऱ्या व्यापारमेळ्यास भारतातून अनेक व्यापारी जातात. त्यांना एखादा दिवस मोकळा मिळाला तर मोती नदीवरील नौकाविहार, परकीय वखारींच्या काळातील इमारती आणि १९८३ मध्ये सापडलेले नान-युए राजाचे थडगे दाखविले जाते. राजाच्या शवाला घातलेला जेड-पाषाणाचा पोशाख खरोखरच पाहण्याजोगा आहे. सकाळच्या चहाबरोबर टोपल्यांतून येणारे वाफवलेले पदार्थही चुकवू नयेत. परंतु जुन्या नगरातील विहार न पाहता परतणारा बौद्ध प्रवासी आपल्याच घरातील एक खोली न उघडता परतला, असे मला वाटते.

भुयारी रेल्वेच्या पहिल्या मार्गावर शी-मन-खोउ स्थानकात उतरले की थोड्याच अंतरावर ग्वांगश्याव विहार लागतो. नगर वसण्यापूर्वीच हा विहार होता, अशी तेथील म्हण आहे. ती शब्दशः खरी नाही. मुळात येथे राजवाडा व नंतर एका हद्दपार विद्वानाचे निवासस्थान होते, असे परंपरा सांगते. प्रांगणात दोन लोखंडी स्तूप आहेत. पश्चिमेकडील ९६३ मधील, पूर्वेकडील ९६७ मधील. आजवर टिकलेल्या लोखंडी स्तूपांत हे सर्वांत प्राचीन मानले जातात. मात्र यात्रेकरूंची गर्दी असते ती बोधिवृक्षाजवळ आणि त्याच्या निकटच्या लहानशा अष्टकोनी स्तूपाजवळ. त्या स्तूपाखाली एका माणसाचे केस पुरले आहेत, अशी श्रद्धा आहे.

तो माणूस म्हणजे हुइनेंग (६३८–७१३). बाप लहानपणीच वारला. मोळ्या विकून तो आईला पोसत असे. त्याला अक्षर येत नव्हते. वज्रच्छेदिका सूत्राचे पठण कानी पडल्याने तो उत्तरेस आचार्य होंगरेन यांच्याकडे गेला. दक्षिणेकडचा रानटी माणूस बुद्ध कसा होणार, असे आचार्यांनीच त्याला विचारले. त्यावर त्याने जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, माणसांत उत्तर-दक्षिण असेल, बुद्धत्वात ती नाही. त्याला आठ महिने भात कांडावयास लावले, आणि अखेर आचार्यांचे चीवर त्यालाच मिळाले. मत्सरग्रस्तांच्या भयाने अनेक वर्षे अज्ञातवासात काढून तो ६७६ मध्ये या विहारात आला, आणि येथेच बोधिवृक्षाखाली त्याचे मुंडन झाले. आधुनिक संशोधक या कथेतील बराच भाग नंतरच्या शिष्यांनी रचला असे मानतात, व मलाही ते मान्य करणे भाग आहे. तरीसुद्धा एका संपूर्ण संप्रदायाने आपल्या महापुरुषाची कथा सांगताना त्याला कुलीन पंडित न ठरविता निरक्षर मोळीविक्या ठरविले, ही गोष्ट इतिहासच आहे.

याच विहाराशी परमार्थ या उज्जयिनीच्या भिक्खूचेही नाव जोडले जाते. तो ५४६ मध्ये या किनाऱ्यावर उतरला. राजसत्ता कोसळत होती, आश्रयदाते बदलत होते. अनुवाद अर्धवट टाकून त्याला गावोगाव हिंडावे लागले. कंटाळून त्याने ५६२ मध्ये मायदेशाकडे जाणारे जहाज पकडले, तेव्हा प्रतिकूल वाऱ्याने ते पुन्हा ग्वांगचौलाच आणून सोडले. मग येथेच त्याने वसुबंधूच्या अभिधर्मकोशाचा चिनी अनुवाद केला. ५६८ मध्ये त्याने आत्मघाताचा प्रयत्न केला. शिष्यांनी त्याला परावृत्त केले. पुढल्याच वर्षी त्याचा देहान्त झाला. अनुवादकांची चरित्रे वाचताना आपण ग्रंथसंख्या मोजतो, पण त्या माणसांचे एकाकीपण मात्र सहसा ध्यानी घेत नाही.

तेथून चालत जाण्याच्या अंतरावर ल्यू-रोंग म्हणजे सहा वडांचा विहार आहे. हे नाव कवी सू तुंग-पो याच्या हस्ताक्षरावरून पडले. त्याने पाहिलेले वड आता नाहीत. तेथील सुमारे ५७ मीटर उंच स्तूप १०९७ मध्ये पुन्हा उभारला गेला. बाहेरून तो नऊ मजली दिसतो, आत सतरा मजले आहेत. बोधिधर्म जेथे उतरला असे सांगतात तेथील ह्वा-लिन विहारात पाचशे अर्हतांचे दालन आहे. त्याच्या भोवती जेडचा बाजार भरतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्याकडे वळतो. ती गोष्ट पाहावयास मिळत नाही. इ.स. ४८८ च्या सुमारास ग्वांगचौच्या वेळुवन नावाच्या विहारात संघभद्र या परदेशी भिक्खूने एका विनय-अट्ठकथेचा चिनी अनुवाद केला. ही अट्ठकथा म्हणजे आपली समन्तपासादिका होय, हे जपानी पंडित ताकाकुसू यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले. बुद्धघोषाचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेला सिंहलद्वीपातील ग्रंथ शतकाच्या आतच या बंदरात पोहोचला होता.

फेइ चांगफांग याने ५९७ मध्ये लिहिलेल्या इतिहासात या ग्रंथासोबत एक हकीकत येते. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर उपालि थेरांनी विनयाचे संगायन केले. त्या वर्षीच्या वस्सावासानंतर पवारणा झाली तेव्हा त्यांनी विनयग्रंथाची पुष्पांनी पूजा करून त्यावर एक बिंदू काढला. दरवर्षी एक बिंदू. उपालींनंतर दासक, मग सोणक, सिग्गव, मोग्गलिपुत्त तिस्स, अशी ही परंपरा चालली. पाली ग्रंथांतील आचार्यपरंपराही हीच आहे. अखेरीस संघभद्राच्या गुरूंनी परतीच्या जहाजावर चढण्यापूर्वी ती प्रत शिष्याच्या हाती दिली. ४८९ मध्ये संघभद्राने बिंदू काढला तेव्हा एकूण ९७५ भरले. त्यावरून महापरिनिर्वाणाचे वर्ष इ.स.पू. ४८६ येते.

हा पुरावा निर्णायक मानावा काय? नाही. विनय प्रारंभी मुखोद्गत होता आणि सिंहलद्वीपात तो इ.स.पू. पहिल्या शतकात लिपिबद्ध झाला असे तेथील परंपराच सांगते. मग पहिल्या चार शतकांचे बिंदू कोणत्या पानावर काढले? ते मागाहून हिशेबाने भरले गेले असावेत. मात्र सिंहली वंशग्रंथांतील २१८ वर्षांचे अंतर अशोकाच्या राज्याभिषेकाशी जुळवून काढलेले इ.स.पू. ४८३ हे वर्ष या गणनेच्या अगदी जवळ येते, हे विसरता येणार नाही. अलीकडील अनेक संशोधक तर महापरिनिर्वाण आणखी शतकभर अलीकडे ओढतात.

आपल्या लग्नपत्रिकांवर जो बुद्धाब्द छापला जातो तो इ.स.पू. ५४४ वर आधारलेला आहे. १९५६ चा पंचविसावा शतकोत्सव याच गणनेचा, आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरची धम्मदीक्षा झाली. बिंदूंच्या हिशेबाने अडीच हजार वर्षे २०१५ मध्ये पूर्ण झाली. यामुळे काही वाचक अस्वस्थ होतील. पण त्याचे कारण नाही. बुद्धाब्द ही संघाची मान्य गणना आहे, ती पाळावी. केवळ तीच ऐतिहासिक सत्य आहे असा आग्रह आपण धरू नये. अन्यथा पुराणकारांना तारखा विचारण्याचा आपला अधिकार दुबळा होतो.

त्या बिंदूंच्या हकीकतीला एक उपसंहार आहे. इ.स. ५३५ मध्ये चाओ पो-श्यू नावाच्या उपासकाला लू पर्वतावर होंग-तू या विनयधराकडून ही गणना मिळाली. ४८९ नंतर बिंदू का नाहीत, असे त्याने विचारले. पूर्वीचे बिंदू आर्यपुरुषांनी काढलेले आहेत; आपण सामान्य जन, आपण ग्रंथ मस्तकी धारण करावा, बिंदू काढण्याचे धाडस करू नये, असे त्या भिक्खूने सांगितले. मग उपासकाने ग्रंथावर काही न लिहिता पुढील वर्षे स्वतःच मोजली.

ग्वांगचौला जाणे प्रत्येकास शक्य नाही. परंतु संघभद्राच्या या चिनी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद पुण्याचे पालीपंडित प्रा. पु. वि. बापट यांनी हिराकावा या जपानी विद्वानासह केला, आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तो १९७० मध्ये प्रसिद्ध केला. १९५६ चा 'बौद्ध धर्माची २५०० वर्षे' हा शासकीय ग्रंथ संपादणारेही बापटच. अनुवादकाने मूळ पालीपासून कोठे फारकत घेतली आणि धर्मगुप्तिक विनयाची छाया कोठे पडली, हे त्यांनी तपासून दाखविले आहे. पालीच्या विद्यार्थ्यांनी समन्तपासादिकेचा पहिला खंड शेजारी उघडून हा अनुवाद वाचावा.