आमवातावरील उपचारांची किफायतशीरता

आमवातावरील उपचारांची किफायतशीरता म्हणजे उपचारांवर होणारा खर्च आणि त्यातून रुग्णास लाभणारे आरोग्य यांची तुलना होय. केवळ औषधाची किंमत एवढाच हा हिशेब नसतो. तपासण्या, प्रवास, बुडालेली मजुरी आणि सांध्यांना येणारे कायमचे व्यंग यांचाही त्यात समावेश होतो. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) हा शरीराच्या रोगप्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच सांध्यांवर केलेल्या हल्ल्यामुळे होणारा दीर्घकालीन आजार आहे.

महाराष्ट्रातील प्रमाण

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली कॉपकॉर्ड कार्यक्रमांतर्गत घरोघरी पाहणी सुरू झाली. तीत ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के व्यक्तींनी सांधे व स्नायूंच्या दुखण्याची तक्रार केली. आमवाताचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आढळले. हा आकडा लहान भासला, तरी १०,००० प्रौढांच्या वस्तीत त्या हिशेबाने सुमारे ५० रुग्ण निघतात.

औषधे व खर्च

मेथोट्रेक्सेट हे उपचाराचे मुख्य औषध असून ते जुने व स्वस्त आहे. ते एकटे पुरेसे न पडल्यास त्यास सल्फासॅलाझिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांची जोड देतात. या तिहेरी उपचाराची महागड्या एटानरसेप्ट या जैविक औषधाशी तुलना करणाऱ्या, ३५३ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना २४ आठवड्यांत गुण आला नाही त्यांचा उपचार बदलण्यात आला. ४८ आठवड्यांअखेर तिहेरी उपचार कमी प्रतीचा ठरला नाही. यावरून जैविक औषधे निरुपयोगी असा अर्थ काढणे चुकीचे होय. जुन्या औषधांनी रोग आटोक्यात न आल्यास त्यांचा आधार मोठा आहे. मात्र ती सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते.

सर्वांत स्वस्त भासणारा आणि शेवटी महाग पडणारा मार्ग म्हणजे वैद्यकीय देखरेखीविना घेतलेले स्टेरॉइड. त्याने वेदना चटकन थांबते. परंतु दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू व मधुमेह उद्भवतो. लेबल नसलेल्या ‘वाताच्या पुड्यां’मध्येही ते मिसळलेले असू शकते.

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावातून नांदेडला जाणाऱ्या रुग्णास गोळ्यांपेक्षा प्रवास आणि बुडालेला रोजगार जड जातो. नियमित रक्ततपासणी जवळच्या प्रयोगशाळेत होऊन अहवाल तज्ज्ञांकडे पाठवता आल्यास यातील काही फेऱ्या वाचतात.

माहितीची साधने

मराठीत ‘संधिवात’ हा शब्द गुडघ्यांची झीज, आमवात आणि युरिक अम्लाने होणारा वातरक्त या तिन्हींसाठी सर्रास वापरला जातो. त्यामुळे आंतरजालावर शोध घेणाऱ्याच्या हाती भलत्याच आजाराचा उपचार लागू शकतो. सकाळी तासाहून अधिक काळ टिकणारा ताठरपणा आणि दोन्ही हातांच्या लहान सांध्यांची सूज ही लक्षणे आमवाताकडे निर्देश करतात.

माहिती वाचताना एक बाब विशेष तपासावी: आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घेतात. ते चुकून दररोज घेतल्यास रक्तपेशी घटून जीवास धोका संभवतो. गरोदरपणात ते वर्ज्य आहे.