रकान्यांचा हिशेब

माझ्याजवळ कात्रणांची एक जुनी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर पाच ओळींची एक बातमी चिकटवली आहे. मथळा आहे, 'दोन गटांत हाणामारी'. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. वस्तीतल्या बायका गावच्या विहिरीवर पाण्याला गेल्या म्हणून गाव वस्तीवर चालून आले. डोकी फुटली, घागरी फुटल्या. मी रात्रभर जागून दोन फुलस्केप कागद लिहिले आणि सकाळच्या एस.टी.ने जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन एका दैनिकाच्या कचेरीत दिले. तिसऱ्या दिवशी त्या दोन कागदांच्या या पाच ओळी झाल्या. विहीर गेली, पाणी गेले, जात गेली. उरले 'दोन गट'! एका गटाच्या हातात काठ्या होत्या आणि दुसऱ्याच्या हातात रिकाम्या घागरी, हे त्या ओळींत कुठेच नव्हते. आठ दिवसांनी चावडीवर तेच कात्रण आमच्यासमोर धरण्यात आले. "पेपरातच आलंय की, दोघांचीबी चूक हाय." तडजोड करा, असे आम्हाला सांगण्यात आले. बातमीचा परिणाम म्हणजे काय, हे मी पुस्तकात शिकलो नाही; त्या चावडीवर शिकलो.

वर्तमानपत्रांत काय येते, काय गाळले जाते आणि त्याचा समाजमनावर कोणता परिणाम होतो, याचे आज एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. त्याचा इतिहास सांगताना अभ्यासक बहुधा विद्यापीठांपासून आरंभ करतात. मला हा आरंभ मान्य नाही. माझ्या मते या शास्त्राचा एक आरंभ अमेरिकेतील मेम्फिस शहरातल्या एका मोडून टाकलेल्या छापखान्यात आहे.

आयडा बी. वेल्स ही १८६२ साली मिसिसिपी राज्यात गुलामगिरीत जन्मलेली स्त्री. पुढे ती शिक्षिका झाली आणि मेम्फिसमध्ये 'फ्री स्पीच' या पत्राची भागीदार व संपादक झाली. मार्च १८९२ मध्ये त्या शहरात तीन काळ्या माणसांना तुरुंगातून ओढून काढून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे किराणा दुकान होते आणि शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक त्यामुळे तुटत होते. त्या तिघांपैकी एक वेल्सचा जवळचा स्नेही होता. झुंडीने काळ्या माणसाला मारले की दक्षिणेतली वर्तमानपत्रे एकच कारण छापत : गोऱ्या स्त्रीवर अत्याचार. हे कारण इतक्या वेळा छापून आले होते की पुष्कळ काळ्या माणसांनाही ते खरे वाटू लागले होते. आपल्यालाही तसे वाटत असे, अशी कबुली वेल्सने पुढे दिली. प्रसिद्धीचा परिणाम किती खोल जातो, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

मग तिने मोजायला घेतले. आकडे स्वतःचे घेतले नाहीत. 'शिकागो ट्रिब्यून' या गोऱ्यांच्या पत्राने छापलेलेच घेतले. 'आमचे आकडे तुम्ही खोटे म्हणाल; मग हे तुमचेच घ्या', असा तो रोखठोक पवित्रा होता. आठ वर्षांत ७२८ माणसे झुंडीने मारली होती, आणि त्यांतल्या केवळ एकतृतीयांशांवर तसा आरोप तरी होता. आरोप, गुन्हा शाबीत होणे दूरच. बाकीचे भांडणावरून, संशयावरून, कधी नुसत्या उद्धटपणावरून मारले गेले होते. मे १८९२ मध्ये तिने या अत्याचाराच्या कहाणीवर अग्रलेखातून बोट ठेवले. ती परगावी असताना जमावाने तिचा छापखाना मोडला. परत आलीस तर जिवाला मुकशील, असा निरोपही आला. न्यूयॉर्कमध्ये राहून तिने त्याच वर्षी 'सदर्न हॉरर्स' ही पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि पुढे १८९५ मध्ये 'अ रेड रेकॉर्ड' हा सविस्तर हिशेब.

१८९३ आणि १८९४ मध्ये ती ब्रिटनला गेली. गावोगावी व्याख्याने दिली, तिथल्या पत्रांनी ती छापली, आणि १८९४ मध्ये झुंडहत्यांविरुद्ध एक ब्रिटिश समिती स्थापन झाली. जी बातमी मेम्फिसमध्ये छापली तर छापखाना मोडत होता, तीच बातमी समुद्रापलीकडे छापली गेली आणि मेम्फिसला घाम फुटला. इंग्लंड हे दक्षिणेच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक होते. १८९४ मध्ये मेम्फिसजवळ पुन्हा सहा काळ्या माणसांची हत्या झाली, तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रांनी आणि व्यापाऱ्यांनी तिचा जाहीर निषेध केला. दोन वर्षांत त्यांचे हृदय पालटले काय? मला तसे वाटत नाही. बाहेरच्या जगाचा डोळा आपल्यावर आहे, एवढेच त्यांना कळले होते.

विद्यापीठे या प्रश्नाकडे पुष्कळ उशिरा वळली. नॉर्वेतील योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रूगे यांनी १९६५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काँगो, क्यूबा आणि सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेच्या चार वर्तमानपत्रांतून तपासून त्यांनी बातमी कशाची होते याचे काही ठोकताळे मांडले. त्यांतला एक मला फार जवळचा वाटतो. राष्ट्र जितके दुबळे, माणूस जितका खालचा, तितके त्याच्या बाबतीत काही भयंकर घडावे लागते. तेव्हाच तो बातमीत शिरतो. त्यांनी ओस्लो आणि काँगो यांतले अंतर डोळ्यांसमोर ठेवले होते. आपल्याकडे हे अंतर गाव आणि वस्ती यांच्यामध्ये आहे. मध्ये समुद्र लागत नाही, एक ओढा पुरतो.

१९६७ च्या उन्हाळ्यात नेवार्क आणि डेट्रॉइट पेटले, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांचीही तपासणी केली. डेट्रॉइटचे नुकसान पत्रांनी आधी २० कोटींपासून ५० कोटी डॉलरपर्यंत सांगितले होते. ते साडेचार कोटींच्या वर नव्हते, असे नंतर दिसून आले. काळ्यांचा संताप दसपटीने मोठा छापला गेला. त्या संतापामागची घरे, बेकारी आणि पोलिसांचा जाच मात्र वर्षानुवर्षे छापलाच गेला नव्हता. आयोगाने १९६८ च्या अहवालात या दोषाचे मूळ कचेरीत शोधले. संपादकीय कामावरच्या माणसांत काळे पाच टक्क्यांहूनही कमी होते, आणि संपादक व वरिष्ठांच्या जागी एक टक्क्याहूनही कमी. गोऱ्या माणसाच्या खिडकीतून दिसते तेवढेच जग पत्रांत येते, हा त्या प्रकरणाचा आशय.

हा प्रश्न आपल्याकडे बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात मांडला होता. मुंबई इलाख्यातली पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात, हे त्यांनी तिथे स्पष्ट लिहिले. त्यासाठी त्यांना कोणत्याही आयोगाची गरज पडली नाही. पण मोजणी व्हायची राहिली, आणि ती सुरू होण्यास कारण झाला एक काळा अमेरिकन! 'वॉशिंग्टन पोस्ट'चे दिल्लीतील प्रतिनिधी केनेथ कूपर यांना १९९६ मध्ये एका दलित पत्रकाराशी बोलायचे होते. त्यांनी बी. एन. उनियाल यांना विचारले. उनियाल शोधू लागले आणि त्यांना एकही सापडेना. सरकारमान्य वार्ताहरांच्या यादीत ६८६ नावे होती. त्यांतल्या ४५४ जणांची आडनावेच उच्च जात सांगणारी होती. उरलेल्यांतल्या ४७ जणांकडे त्यांनी चौकशी केली. त्यांतही एक दलित निघाला नाही. २००६ च्या पाहणीत दिल्लीतल्या ३७ वृत्तसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ माणसांत दलित किंवा आदिवासी एकही नव्हता. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या. १०६ जागी उच्चवर्णीय, आणि दलित-आदिवासी शून्य.

या शून्याचा परिणाम काय होतो? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातली चार माणसे मारली गेली. मोठ्या पत्रांना त्याची खरी दखल घ्यायला जवळजवळ महिना लागला. आधी जे थोडे छापले गेले, त्यात अनैतिक संबंधांचा वास होता. मारलेल्यांच्या चारित्र्यावरच डाग! मेम्फिस आणि भंडारा यांच्यामध्ये एकशे चौदा वर्षे आणि सात समुद्र आहेत. पण मारल्यानंतर कारण पुरवण्याची रीत एकच आहे. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा रकाने भरू लागले. आणि त्या रकान्यांत चार प्रेतांपेक्षा फुटलेल्या काचा जास्त होत्या.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, वर्तमानपत्रांचे काय एवढे! फोनमुळे बातमी दडपणे अवघड झाले, हे खरे. पण कोर्टात, कचेरीत आणि उद्याच्या इतिहासात कागद मागतात. तो कागद कोण लिहितो, हा प्रश्न सुटलेला नाही. आमची माणसे त्या कचेऱ्यांत गेली पाहिजेत, ही मागणी रास्तच आहे. पण त्या जाईपर्यंत आपण हात बांधून बसायचे काय? वेल्सजवळ कचेरी उरली नव्हती, छापखाना उरला नव्हता. तिच्याजवळ त्यांचीच वर्तमानपत्रे होती आणि मोजण्याची चिकाटी होती.

म्हणून माझ्या वहीत मी आता प्रत्येक पानावर तीन रकाने आखतो : काय घडले, काय छापले, कोणी छापले. पहिला रकाना भरण्यासाठी त्या गावी जावे लागते, माणसांना भेटावे लागते. एक वही महाराष्ट्राला पुरणार नाही. वाचकांपैकी प्रत्येकाने आपल्या तालुक्यापुरती तरी एक वही घालावी, तारीख आणि पान टाकून. पाच ओळींच्या बातम्यांपासून सुरुवात करावी. 'दोन गटांत' असा मथळा दिसला की थांबावे, आणि पाणी कोणाचे होते ते विचारून यावे.