धोकादायक श्वानजाती आणि सार्वजनिक सुरक्षा : जातींची यादी आणि मालकाचे उत्तरदायित्व

ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण येथे पिटबुल जातीच्या पाळीव कुत्र्याच्या हल्ल्यात सात वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. तोपर्यंत लखनौ, गाझियाबाद, चेन्नई अशा शहरांतून येणाऱ्या बातम्यांपुरता वाटणारा विषय त्या दिवशी गोव्याच्या उंबरठ्यावर आला. पुढच्या वर्षी, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात, राज्य विधानसभेने प्राण्यांचे प्रजनन व पाळणूक यांचे नियमन आणि नुकसानभरपाई यासंबंधीचे विधेयक संमत केले. पिटबुल, रॉटवायलर यांसारख्या हिंस्र समजल्या जाणाऱ्या जातींना आळा घालणे हा त्यामागील मुख्य हेतू होता.

या विषयावरील चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : बंदी कोणत्या जातींवर घालावी? हा प्रश्न गैरलागू नाही. मात्र न्यायालयांचे निर्णय, शास्त्रीय अभ्यास आणि अन्य देशांचा अनुभव एकत्र ठेवून पाहिल्यास आणखी एक प्रश्न त्याच्याइतकाच, किंबहुना अधिक निकडीचा ठरतो. कुत्रा कोणाचा आहे, तो कोणत्या स्थितीत ठेवला आहे आणि त्याने इजा केल्यास उत्तर कोणी द्यायचे, हा तो प्रश्न होय.

जातींची पार्श्वभूमी

आज धोकादायक मानल्या जाणाऱ्या बहुतेक जाती माणसाने विशिष्ट कामासाठी घडवल्या. पिटबुलचे मूळ ब्रिटनमधील बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरात आहे. बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ तेथे १८३५ च्या कायद्याने बंद झाला. त्यानंतर कुत्र्यांच्या झुंजींकडे शौकिनांचा ओढा वाढला आणि त्यासाठी हा संकर लोकप्रिय झाला. जपानमधील तोसा हीदेखील झुंजीसाठी वाढवलेली जात. डोगो अर्जेंटिनो ही जात अर्जेंटिनामध्ये रानडुकरासारख्या मोठ्या शिकारीसाठी विकसित झाली. रॉटवायलरचे नाव जर्मनीतील रॉटवाइल या गावावरून पडले; गुरे हाकणे आणि खाटकांच्या गाड्या ओढणे ही त्याची कामे होती. तुर्कस्तानातील कांगल आणि कॉकेशस पर्वतप्रदेशातील शेफर्ड हे कळपांचे राखणदार.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. या कुत्र्यांचे शरीरबळ, जबड्याची पकड आणि चिकाटी असाधारण आहे, कारण त्यांची निवडच त्या गुणांसाठी झाली. तसेच 'पिटबुल' हे एका काटेकोर जातीचे नाव नसून दिसण्यात साम्य असलेल्या अनेक वाणांचे आणि संकरांचे ढोबळ नाव आहे. कायद्याच्या अंमलबजावणीतील पुष्कळ अडचणी या दुसऱ्या गोष्टीतून निर्माण होतात.

तेवीस जातींचे परिपत्रक

डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने धोकादायक श्वानजातींसंबंधीच्या निवेदनावर तीन महिन्यांत निर्णय घेण्यास केंद्र सरकारला सांगितले. त्यानुसार केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना परिपत्रक पाठवले. त्यात २३ जाती आणि त्यांचे संकर यांची आयात, प्रजनन आणि पाळीव प्राणी म्हणून विक्री यांस परवाने देऊ नयेत, आणि आधीपासून पाळलेल्या अशा कुत्र्यांचे निर्बीजीकरण करावे, असे नमूद होते. पिटबुल टेरियर, तोसा इनू, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, फिला ब्रासिलेरो, डोगो अर्जेंटिनो, अमेरिकन बुलडॉग, बोअरबोल, कांगल, कॉकेशियन शेफर्ड, रॉटवायलर, केन कोर्सो आदींचा त्या यादीत समावेश होता. 'मास्टिफ' आणि 'टेरियर' असे व्यापक गटही त्यात आल्याने लहानखुऱ्या, घरगुती कुत्र्यांचे मालकही संभ्रमात पडले.

हे परिपत्रक न्यायालयांत टिकले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द केले. संबंधितांचे आणि तज्ज्ञ संस्थांचे म्हणणे ऐकून न घेता असा निर्णय घेता येत नाही, हा त्यामागील प्रमुख आधार होता. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानेही ते बाजूला ठेवले आणि हरकती व सूचना मागवून नव्याने निर्णय घेण्याचा मार्ग केंद्राला मोकळा ठेवला. त्यानंतर मे महिन्यात केंद्राने जनतेकडून अभिप्राय मागवले.

या निकालांचा अर्थ बारकाईने समजून घेणे आवश्यक आहे. हे कुत्रे निरुपद्रवी आहेत, असे न्यायालयांनी म्हटलेले नाही. निर्बंध घालायचे असतील तर त्यांना कायद्याचा भक्कम आधार आणि योग्य कार्यपद्धती हवी, असे त्यांचे सार आहे. परिपत्रकाऐवजी विधिमंडळाने संमत केलेल्या कायद्याची वाट धरण्याचे महत्त्व त्यामुळेच वाढते.

अभ्यास काय सांगतात?

जातीवर बोट ठेवणाऱ्यांच्या बाजूने एक ठळक पुरावा आहे. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात जातीची माहिती उपलब्ध असलेल्या २३८ मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक घटनांत पिटबुल प्रकारचे कुत्रे आणि रॉटवायलर आढळले. मात्र याच अभ्यासात एकूण किमान २५ जातींचे कुत्रे मृत्यूंना कारणीभूत ठरल्याचेही नोंदले आहे.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासाने २००० ते २००९ या दशकातील २५६ मृत्यूंची छाननी केली. वृत्तपत्रांतील वर्णनांवर विसंबून न राहता तपास अधिकाऱ्यांकडून माहिती घेतल्यावर वेगळे चित्र दिसले. सुमारे ८७ टक्के घटनांत मदतीला धावू शकेल अशी सक्षम व्यक्ती जवळ नव्हती. सुमारे ८५ टक्के घटनांत बळी पडलेल्या व्यक्तीची कुत्र्याशी ओळख नव्हती किंवा अगदी जुजबी होती. सुमारे ८४ टक्के घटनांत कुत्र्याचे निर्बीजीकरण झालेले नव्हते. तीनचतुर्थांश घटनांत कुत्रा कुटुंबात मिसळून वाढवलेला नव्हता. तो साखळीला, पिंजऱ्यात किंवा आवारात एकटा ठेवलेला होता. कुत्र्याची जात मात्र पाचांपैकी एकाहूनही कमी घटनांत खात्रीने ठरवता आली.

२०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांची मालकांकडून माहिती घेण्यात आली आणि २,१५५ कुत्र्यांच्या जनुकसंचाचा अभ्यास झाला. एकेका कुत्र्याच्या वर्तनातील फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरकाचे स्पष्टीकरण जातीवरून मिळते, असा त्याचा निष्कर्ष आहे. कुत्रा किती लवकर चिडेल, हे तर जातीवरून सांगणे विशेषच अवघड ठरले.

हे तिन्ही अभ्यास परस्परविरोधी नाहीत. चावा घेण्याची शक्यता संगोपन, एकटेपणा, भीती आणि प्रशिक्षण यांवर पुष्कळ अवलंबून असते. चाव्याचा परिणाम किती भयंकर होईल, हे कुत्र्याच्या आकारावर आणि बळावर ठरते. चिडलेला पोमेरेनियन आणि चिडलेला पिटबुल यांचा स्वभाव एकसारखा असू शकेल. इजा एकसारखी होत नाही. म्हणूनच बलाढ्य कुत्रा पाळणाऱ्यावर अधिक कठोर अटी घालणे न्याय्य ठरते.

ब्रिटन आणि नेदरलँड्सचा धडा

ब्रिटनने १९९१ च्या धोकादायक श्वान कायद्याने पिटबुल टेरियर आणि जपानी तोसा यांवर निर्बंध घातले. डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्रासिलेरो यांची भर त्याच वर्षी पडली. तेथे निर्णय नावावरून न होता कुत्र्याच्या शारीरिक लक्षणांवरून होतो आणि आपला कुत्रा त्या प्रकारचा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. तीन दशकांनंतर यादीत नसलेला 'एक्सएल बुली' हा धिप्पाड प्रकार जीवघेण्या हल्ल्यांमुळे चर्चेत आला. त्याचा यादीत समावेश करावा लागला आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये सवलतपत्राशिवाय तो पाळणे गुन्हा ठरले. यादी केली की यादीबाहेरचा नवा संकर बाजारात येतो, ही या अनुभवातील कळीची बाब.

त्याच कायद्यातील दुसऱ्या तरतुदीची चर्चा कमी होते, पण ती अधिक व्यापक आहे. कोणत्याही जातीचा कुत्रा धोकादायक रीतीने आवरेनासा झाला तर त्याच्या मालकावर गुन्हा नोंदवता येतो. २०१४ पासून ही तरतूद खासगी घरे आणि आवारांनाही लागू आहे. टपाल कर्मचारी, घरकामगार, पाहुणे यांना त्यामुळे संरक्षण मिळते.

नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुल प्रकारावर बंदी घातली आणि चाव्यांच्या घटनांत अपेक्षित घट न झाल्याने २००८ मध्ये ती उठवली.

सध्या लागू असलेला कायदा

विशिष्ट जातींवरील बंदीची प्रतीक्षा न करता वापरता येतील अशा तरतुदी आजही अस्तित्वात आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये यासाठी पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास कलम १०६ लागू होऊ शकते. त्यात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. दुखापतीसाठी कलम १२५ आहे. याखेरीज दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा करता येतो. कुत्र्यांच्या झुंजी लावणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. विक्रीसाठी कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना २०१७ च्या नियमांनुसार नोंदणी बंधनकारक आहे.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. पाळीव कुत्र्याच्या बाबतीत मात्र उत्तरदायी व्यक्ती निश्चित असते. भरपाईचा कायदा परिणामकारक ठरण्यास हीच गोष्ट अनुकूल आहे. त्यासाठी कुत्रा आणि मालक यांची नोंद प्रत्येक पंचायत व पालिकेकडे असणे ही पूर्वअट होय. नोंदच नसेल तर दुर्घटनेनंतर 'कुत्रा आमचा नव्हे' असे म्हणून हात झटकणे सोपे जाते.

मालकाची कर्तव्ये

बलवान कुत्रा पाळणाऱ्याने कायद्याच्या धाकाची वाट न पाहता पुढील गोष्टी पाळणे आवश्यक आहे :

• कुत्र्याची स्थानिक संस्थेकडे नोंदणी, दरवर्षी रेबीज प्रतिबंधक लस आणि वेळेवर निर्बीजीकरण.
• आवाराला पुरेशी उंच कुंपणभिंत, आपोआप बंद होणारे फाटक आणि ठळक सूचनाफलक.
• बाहेर नेताना आखूड, मजबूत पट्टा आणि तोंडाला मुसके. पट्टा त्याला आवरू शकेल अशा प्रौढ व्यक्तीच्याच हाती असावा.
• लहान वयातच माणसे, मुले आणि अन्य प्राण्यांची सवय लावणे. सतत साखळीला बांधून ठेवलेला कुत्रा अधिक भित्रा आणि आक्रमक बनतो.
• घरकामगार, माळी, वीजमीटर पाहणारे किंवा वस्तू पोहोचवणारे कर्मचारी येण्यापूर्वी कुत्रा वेगळ्या खोलीत ठेवणे. पोटासाठी त्या घरात पाऊल टाकणाऱ्याला आणि त्याच्यासोबत आलेल्या मुलाला 'नको' म्हणण्याची सोय नसते. म्हणून ही खबरदारी मालकानेच घ्यायची असते.
• घर भाड्याने देताना किंवा दीर्घकाळ बाहेरगावी जाताना बलवान कुत्रा नवख्या राखणदारावर सोपवून न जाणे.

हल्ला झाल्यास

ताठरलेले शरीर, एकटक नजर, उभे राहिलेले पाठीवरचे केस आणि घशातली गुरगुर ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी पळू नये, ओरडू नये, कुत्र्याच्या डोळ्यांत पाहू नये. हात अंगाशी धरून स्तब्ध उभे राहावे आणि हळूहळू मागे सरावे. बॅग, छत्री किंवा जी वस्तू हाताशी असेल ती मध्ये धरावी. खाली पडल्यास अंग मुडपून मान, कान आणि चेहरा हातांनी झाकावा. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळ असलेल्या कुत्र्याला हात लावू नये, हे मुलांना घरातच शिकवावे.

चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल असे काहीही लावू नये. त्वरित आरोग्य केंद्र गाठावे. त्वचेत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते. स्नायूत दिल्यास चौदाव्या दिवसाची मात्राही असते. जखम खोल असल्यास लसीसोबत रेबीज प्रतिपिंडेही आवश्यक ठरतात. गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र घोषित झाला असला, तरी चाव्यानंतरच्या लसीकरणात हयगय करण्यास त्यामुळे मुभा मिळत नाही. त्यानंतर पोलिसांत तक्रार द्यावी आणि स्थानिक संस्थेला कळवावे. वैद्यकीय अहवाल, जखमांची छायाचित्रे व खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. भरपाईच्या दाव्यात त्यांचा आधार मोलाचा ठरतो.

जातींची यादी नव्या धोकादायक कुत्र्यांची आयात आणि पैदास रोखू शकते. आज भिंतींआड असलेल्या कुत्र्यांपासून शेजाऱ्यांना आणि कामासाठी येणाऱ्यांना वाचवायचे, तर नोंदवही, पट्टा, फाटक आणि भरपाई यांची नियमित तपासणी गावपातळीवर व्हावी लागेल. ते काम पंचायत आणि पालिकेच्या दैनंदिन कामकाजाचा भाग बनले, तरच विधानसभेत संमत झालेल्या शब्दांना रस्त्यावर अर्थ प्राप्त होईल.